घड्याळाच्या तबकडीची साक्ष

जुन्या मनगटी घड्याळाविषयी बोलणे निघाले म्हणजे माणसे प्रथम यंत्राची चौकशी करतात. ते कोणत्या कारखान्याचे, किती ज्युएलचे, एकदा चावी दिली म्हणजे किती वेळ चालते, असे प्रश्न विचारले जातात. ते स्वाभाविकही आहेत. कारण वेळ मोजण्याचे काम यंत्र करते. परंतु जुन्या घड्याळांच्या आजच्या बाजारात किंमत ठरते ती पुष्कळदा यंत्रावरून नव्हे, तर तबकडीवरून. तबकडी म्हणजे बहुधा पितळेचा एक पातळ पत्रा. त्याच्या मागे डाख देऊन बसविलेले दोन बारीक पाय, पुढे मुलामा किंवा रंग, आणि त्यावर आकडे, रेघा व निर्मात्याचे नाव. एवढा हा पत्रा बदलला की तेच घड्याळ दसपटीने महाग होते किंवा मातीमोल ठरते. त्यामुळे नेहमीपेक्षा निराळी अशी तबकडी समोर आली असता ती मूळची की मागाहून केलेली, हे ओळखणे ही आज एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे.

या विद्येची गरज का पडली, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रोलेक्स कंपनीने १९६३ साली डेटोना हे घड्याळ बाजारात आणले. वेळेबरोबर शर्यतीचे सेकंदही मोजण्याची सोय त्यात होती. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. या घड्याळासाठी साध्या तबकडीबरोबरच थोडी चमत्कारिक वाटणारी दुसरी एक तबकडी सिंगर या स्विस कारखान्याने तयार केली. साध्या तबकडीवर सेकंदांच्या लहान वर्तुळात २०, ४०, ६० असे आकडे असत; या दुसरीवर १५, ३०, ४५, ६० असे होते. लहान वर्तुळांतील रेघांच्या टोकांशी बारीक चौकोन होते, आणि कडेचा पट्टा वर्तुळांच्याच रंगाचा होता. त्या काळी गिऱ्हाइकांना हा प्रकार फारसा रुचला नाही. पुढे हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांच्या मनगटावर अशी तबकडी दिसू लागली आणि तिला त्यांचेच नाव चिकटले. न्यूमन यांना मोटारशर्यतींचा नाद होता. म्हणून त्यांच्या पत्नी जोअन वुडवर्ड यांनी भेट देताना घड्याळाच्या मागे, गाडी जपून चालवावी अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. तेच घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स यांच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरांस विकले गेले.

आता लबाड माणसाच्या दृष्टीने या गोष्टीचा विचार करावा. साध्या डेटोनाचे आणि न्यूमन तबकडीच्या डेटोनाचे यंत्र एकच, कवच एकच, काटेही जवळजवळ तेच. फरक काय तो तबकडीचा. म्हणजे संपूर्ण घड्याळ खोटे बनविण्याची यातायात नकोच. एक पत्रा तेवढा खोटा केला की काम भागते. जेथे लहानशा वस्तूने मोठा लाभ होतो, तेथे खोटेपणा आधी पोहोचतो. म्हणून तबकडी जितकी दुर्मिळ, तितकी तिची तपासणी कडक असावयास हवी.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर हे घड्याळ १९५७ साली प्रथम निघाले. त्या पहिल्या तऱ्हेचे एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनीव्हा येथील लिलावात आले. त्याची मूळची काळी तबकडी कालांतराने चॉकलेटी झालेली दिसत होती. अशा तबकडीला संग्राहक 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल तो दाम मोजतात. या घड्याळाला ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात आले ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँक. खरेदी झाली ती ओमेगाच्या स्वतःच्या संग्रहालयासाठी. पुढे जून २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या ठिकाणचे भाग जुळवून उभे केलेले आहे, आणि या प्रकरणात कंपनीचे तीन माजी कर्मचारी गुंतलेले आहेत. ज्या घराण्यात घड्याळ जन्मले, त्याच घराण्याच्या दिवाणखान्यात अशी वस्तू कुळाची म्हणून येऊन बसली! थोर नाव, नामांकित लिलाव, जबर किंमत यांपैकी एकही गोष्ट पुरावा ठरत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

मग पुरावा कशाला म्हणावयाचे? न्यायालयात एका साक्षीदारावर सहसा निकाल होत नाही; परस्परांशी संबंध नसलेले चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले म्हणजे न्यायाधीशाची खात्री पटते. तबकडीचेही तसेच आहे. तिच्यावरची छपाई, तिचे थर, अंधारात चमकणारा लेप, वयाच्या खुणा, तिची पाठ आणि कागदपत्रे असे सहा साक्षीदार तेथे हजर असतात. प्रत्येकाला वेगळे विचारावे आणि त्यांचे जबाब एकमेकांशी जुळतात का ते पाहावे.

पहिली साक्ष छपाईची. घड्याळजी डोळ्यात बसवितो त्या दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून अक्षरे पाहावीत. चांगल्या कारखान्याची अक्षरे कडेला स्वच्छ व रेखीव असतात. शाईचा थर सर्वत्र सारखा असतो. मिनिटांच्या रेघा वर्तुळाशी नेमक्या मिळतात, आणि सेकंदाचे लहान वर्तुळ आपल्या मध्याभोवती काटेकोर बसते. मागाहून छापलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात, शाई कडेला पसरते, दोन अक्षरांमधले अंतर विषम पडते, एखादी रेघ आकड्यावर चढते. कारखान्यांनी आपल्या नावाच्या अक्षरांचे वळण काळानुसार बदललेले असते; म्हणून १९४८ च्या घड्याळावर १९६८ चे वळण दिसले तर तेथेच थांबावे. मात्र हे ओळखण्यासाठी त्याच काळातली, त्याच तऱ्हेची, संशयातीत अशी दुसरी तबकडी शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. केवळ आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते.

दुसरी साक्ष थरांची. कोणते काम आधी झाले आणि कोणते नंतर, याचा क्रम तबकडी सहसा लपवू शकत नाही. १९६५ च्या आसपासपर्यंत रोलेक्स व ट्यूडर यांच्या कित्येक काळ्या तबकड्यांवर सोनेरी अक्षरे दिसतात. ती अक्षरे वरून छापलेली नाहीत. पितळेच्या पत्र्यावर अक्षरांच्या जागा झाकून बाकी भागावर काळा थर चढवीत. मग झाकण काढले की खालचे पितळच अक्षर होऊन चमके. म्हणजे अक्षर काळ्या थराच्या खाली असावयास हवे. बनावट करणारा काळ्या रंगावर सोनेरी शाईने छापतो, आणि भिंगातून ते अक्षर वर आलेले दिसते. पातेक फिलीप यांच्या जुन्या तबकड्यांची रीत याहून वेगळी. तेथे नाव पत्र्यात कोरून त्या खाचेत काळा मिना भरीत, तो भट्टीत भाजीत, आणि नंतर वर चांदीचा मुलामा चढवीत. असे नाव बोटाने पुसून जात नाही. उलट कोणी फार घासून तबकडी उजळली तर खाच उथळ होते आणि अक्षरे किरटी दिसू लागतात. खाच नसून नुसतीच शाई असेल, तर ते नाव मागाहून घातलेले आहे असे समजावे.

तिसरी साक्ष अंधारात चमकणाऱ्या लेपाची. आपल्याकडे आजही अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला लोक 'रेडियम' म्हणतात, त्या बोलण्याचे मूळ या घड्याळांतच आहे. १९६० च्या सुमारापर्यंत घड्याळांच्या आकड्यांवर खरोखरीच रेडियम असे. त्यानंतर त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि १९९८ च्या सुमारास स्विस घड्याळांतून ट्रिटियमही जाऊन, प्रकाश पिऊन तो परत देणारे निर्धोक लेप आले. रेडियमचे निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. ट्रिटियमला १२ वर्षांहून थोडी अधिक पुरतात. येथे एक गंमत ध्यानात घ्यावयास हवी. रेडियमच्या जुन्या तबकड्या आज अंधारात चमकत नाहीत. कारण त्यांतील जस्ताचे सल्फाइड किरणांचा मारा सोसून निकामी झालेले असते. चमक विझली, पण किरण विझलेले नाहीत. किरण मोजणारे गायगर यंत्र जवळ नेले तर ते खडखडू लागते. ट्रिटियमचे किरण इतके क्षीण असतात की ते काचेतून बाहेरही पडत नाहीत.

यावरून सरळ निष्कर्ष निघतात. १९५५ ची म्हणून दाखविलेली चमकत्या आकड्यांची तबकडी गायगर यंत्रापुढे गप्प राहिली, तर तिच्यावरचा लेप नवा आहे. ट्रिटियमच्या तबकडीवर तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी 'टी' अक्षर छापण्याचा प्रघात होता. ते अक्षर १९५५ च्या घड्याळावर आढळले, तर ती तबकडी पुढे केव्हा तरी दुरुस्तीत बदललेली असली पाहिजे. ती कारखान्याची असेल, खरीही असेल, पण त्या घड्याळाची मूळची नव्हे. आणि १९६५ चा म्हणून सांगितलेला ट्रिटियमचा लेप आज रात्रभर लख्ख उजळत असेल, तर तोही विश्वासार्ह नाही. एवढ्या काळात त्याचे बळ तिसाव्या हिश्शाच्या आसपास उतरलेले असते. काट्यांवरचा लेप आणि आकड्यांवरचा लेप एकाच रंगाचा, एकाच वयाचा आहे की नाही, हेही येथेच पाहून घ्यावे.

या साक्षीदाराजवळ जाताना मात्र सावध असावे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज येथे रेडियमने तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत असत. तो विषारी पदार्थ त्यांच्या हाडांत जाऊन बसला आणि त्यांतील कित्येकींचा बळी गेला. त्यांपैकी पाच जणींनी कारखान्यावर केलेला दावा १९२८ साली तडजोडीने मिटला. म्हणून रेडियमची तबकडी घरी उघडू नये आणि आकड्यांवरचा लेप खरवडू नये. त्याची पूड श्वासावाटे आत जाणे घातक आहे.

चौथी साक्ष वयाची. खरे वय एकसारखे उतरत नाही. वर सांगितलेली चॉकलेटी तबकडी घ्या. ऊन, दमट हवा आणि रंगातील दोष यांमुळे काळा रंग उतरतो, पण कवचाच्या कडेखाली झाकलेला अरुंद पट्टा बहुधा काळाच राहतो. रेडियमचे काटे वर्षानुवर्षे एका जागी थांबले असतील, तर त्यांच्या खाली त्यांच्याच आकाराची करपल्यासारखी छाया उमटते. आता तीच छाया बाणाच्या आकाराची असून घड्याळावरचे काटे सरळ असतील, तर काटे बदलले हे सिद्ध झाले. भट्टीत तापवून किंवा औषध लावून आणलेला चॉकलेटी रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा दिसतो. त्याला ऊन लागल्याचा आणि सावलीत राहिल्याचा भेद नसतो. तबकडी मळकट आणि यंत्र मात्र गंजाशिवाय लखलखीत, अशी जोडी आढळली तरी प्रश्न विचारावा. एका कवचात पन्नास वर्षे राहिलेल्या दोन वस्तूंचे वय इतके निराळे कसे?

पाचवी साक्ष पाठीची. येथे जाणत्या घड्याळजीचा हात हवा, कारण त्यासाठी तबकडी यंत्रावरून उतरवावी लागते. मागचे दोन पाय यंत्राच्या भोकांत नेमके बसतात की कोणी कापून, सरकवून पुन्हा डाख दिला आहे, हे तेथे उघड दिसते. तबकडी करणाऱ्या कारखान्याची खूणही पुष्कळदा मागे असते. दुसऱ्या यंत्राची तबकडी चिकटपट्टीने बसविलेली आढळली, तर पुढचे काही बघण्याचे कारण उरत नाही. पुन्हा रंगविणारा कारागीर कधी कधी तबकडीच्या कडेला बारीक खाच पाडतो. छापताना दिशा चुकू नये, हा त्याचा हेतू. परंतु काही मूळ तबकड्यांनाही अशी खाच असते. म्हणून एकट्या खाचेवरून निकाल देऊ नये.

सहावी साक्ष कागदांची. काही स्विस कंपन्या आपल्या जुन्या वह्या पाहून उतारा देतात. अमुक क्रमांकाचे यंत्र अमुक साली तयार झाले, एवढे त्यातून कळते, आणि कधी तबकडीचे वर्णनही मिळते. पण तो उतारा त्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडलेल्या घड्याळाविषयी असतो. आज हाती असलेल्या तबकडीविषयी नव्हे. ज्या तबकड्यांवर दोन नावे असतात, तेथे हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. न्यूयॉर्कचे टिफनी आणि पातेक फिलीप यांचा व्यवहार १८५१ पासूनचा. कॅराकसचे सेर्पिको इ लायनो, लुसर्नचे ग्युबेलिन, अशा दुकानदारांची नावे निर्मात्याच्या नावाखाली येत. ओमानचे सुलतान काबूस यांच्यासाठी केलेल्या रोलेक्स घड्याळांच्या तबकडीवर तेथील राजचिन्ह, खंजीर, असे. दुसरे नाव कधी कारखान्यात छापले जाई, कधी दुकानात. आणि एक ओळ मागाहून छापणे हे बनावट करणाऱ्याला सर्वांत सोपे काम. अशा वेळी त्या दुकानाची त्या सालातील अक्षरे, ओळीची जागा, वार्निशाच्या थराशी तिचा संबंध आणि शक्य तर मूळ खरेदीची पावती, इतके सर्व जुळले पाहिजे.

हा सगळा खटाटोप परदेशी श्रीमंतांचा, असे मात्र कोणी समजू नये. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचे मुंबईतील दुकान १८८६ पासूनचे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीचा कारखाना बंगळूर येथे निघाला आणि जनता, पायलट, सोना, कोहिनूर अशी घड्याळे लाखो मनगटांवर आली. लग्नात जावयाला, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना हीच घड्याळे देत. केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, तेव्हापासून त्या जुन्या घड्याळांची मागणी वाढली.

आणि येथेच आपल्या देशातील एक प्रकार जगभर गाजला आहे. परदेशी घड्याळे सहज मिळत नव्हती त्या काळात जुने घड्याळ टाकून देण्याची चैन कोणाला परवडत नसे. तबकडी काळवंडली की घड्याळजी ती रंगविणाऱ्याकडे धाडी आणि गिऱ्हाईक समाधानाने नवी कोरी दिसणारी तबकडी घेऊन जाई. यात फसवणूक कसलीच नव्हती. तो दुरुस्तीचा सरळ धंदा होता. परंतु तेच कसब पुढे दूरच्या बाजारासाठी राबू लागले. कारखान्याने कधी न काढलेले भडक निळे, नारिंगी, पोपटी रंग, त्यांवर नामांकित कंपनीचे जाड छापलेले नाव, आत कुठल्याशा घड्याळाचे यंत्र, अशी घड्याळे इंटरनेटवर 'दुर्मिळ तबकडी' म्हणून विकली जाऊ लागली. संग्राहकांनी त्यांना नाव दिले 'मुंबई स्पेशल'. एका शहराच्या कुशल हातांना असे नाव मिळावे, ही खेदाची गोष्ट आहे. कारण दोष हातांचा नाही, मुकाट राहून विकणाऱ्याचा आहे. तबकडी पुन्हा रंगविली आहे, हे चार शब्द पावतीवर लिहिले असते तर तेच काम प्रामाणिक ठरले असते.

ज्यांना काही विकावयाचे नाही व विकत घ्यावयाचे नाही, त्यांच्याही घरी कपाटाच्या खणात आजोबांचे एखादे घड्याळ असते. तबकडीवर डाग पडलेले, आकडे पिवळे झालेले, काच धूसर. ते दुरुस्तीला देताना घड्याळजी आपुलकीने विचारतो की तबकडीही रंगवून देऊ का? त्या वेळी उत्तर नाही असे द्यावे. यंत्र साफ करून घ्यावे, तेल घालून घ्यावे, काच बदलावी. तबकडीला हात लावू देऊ नये. तिच्यावरील प्रत्येक डाग हा त्या मनगटाबरोबर सोसलेल्या उन्हाचा आणि घामाचा लेख आहे, आणि एकदा खरवडलेला लेख पुन्हा लिहिता येत नाही. घड्याळ कोणी, कोठे, कोणत्या साली घेतले, एवढे एका कागदावर लिहून तो कागद पावतीसह घड्याळाबरोबर ठेवावा. उद्या नातवंडांपैकी कोणी ते भिंगाखाली धरील, तेव्हा तबकडी जे सांगेल आणि कागद जे सांगेल, ते दोन्ही एकच निघेल.